भिंत नसली तरी हातोडा मारा

दहा दिवस कोरडा खोकला, बारीक ताप, डोकेदुखी, तरी माणूस रोज ऑफिसला जातोच आहे? मग डॉक्टरांना कशाला त्रास देता? कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन नुसतं ‘सहाशे पंचवीस’ म्हणा. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह या अँटिबायोटिकची ही ६२५ मिलिग्रॅमची गोळी जंतूची पेशीभित्तिका बांधणाऱ्या गवंड्याचे हात धरते. भिंत कच्ची राहते, जंतू फुटतो. आता अशा रेंगाळणाऱ्या खोकल्यामागे जो असू शकतो, त्या मायकोप्लाझ्मा न्यूमोनिये या जंतूला भिंतच नाही. आहे ते नुसतं पेशीपटल, तेही तुमच्याच अंगातलं कोलेस्टेरॉल उचलून घट्ट केलेलं. गवंडीच नाही तिथे काम कुणाचं बंद पाडणार? असो. तुम्ही दोन वेळा, जेवणानंतर, नेमाने घ्या. तिसऱ्या दिवशी जुलाब लागले की औषध लागू पडलं समजा.

खोकला हटला नाही तर सेफिक्सिम, मग सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचं इंजेक्शन. तेही भिंतफोडेच, फक्त महाग. अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि डॉक्सिसायक्लिन जंतूचा प्रथिनांचा कारखाना थांबवतात, भिंतीशी त्यांचं देणंघेणं नाही, म्हणून त्यांचं नाव काढू नका. कुणी लिहून दिलंच तर ताप उतरताच बंद करा आणि उरलेल्या गोळ्या शेजाऱ्यांच्या बंड्यासाठी फ्रिजवर ठेवा. जंतूच्या रायबोसोममधलं, म्हणजे त्याच प्रथिनांच्या कारखान्यातलं, २०६३ व्या जागेचं एक जनुकीय अक्षर बदललं की अ‍ॅझिथ्रो निकामी. तेवढी सवड त्याला द्यायलाच हवी.

तपासणी हवीच असेल तर थुंकीचा ग्रॅम स्टेन करा, म्हणजे जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. तो रंग धरतो भिंतीत, त्यामुळे काचपट्टीवर पांढऱ्या पेशी दिसतील, जंतू नाही. कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, ४८ तासांत ‘वाढ नाही’ म्हणेल; या महाशयांना खास माध्यमावर दोन-तीन आठवडे लागतात. रिपोर्ट फाइलला लावून निश्चिंत व्हा. घशाच्या स्वॅबची पीसीआर, म्हणजे जंतूची जनुकं शोधणारी तपासणी, मात्र टाळा, तीत तो सापडतो. जुन्या डॉक्टरांचा बर्फाचा खेळही नकोच: जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त मिनिटभर बर्फात धरून तिरपं केलं तर काचेवर रवाळ दिसतं, मुठीत गरम केलं की पुन्हा सरळ वाहतं. सगळ्यांत दिसत नाही, पण दिसलं तर उगाच संशय येतो.

संसर्ग झाल्यापासून खोकला सुरू व्हायला दोन-तीन आठवडे जातात. म्हणजे मोठा बरा होईतो धाकटा खोकू लागतो, मग आजी. एवढ्या अंतराने कोण दुवा जोडतो? आइस्क्रीमला बोल लावा, आणि सहाशे पंचवीसची अर्धी स्ट्रिप कुठे ठेवली ते आठवा.