एकवीसचा पाना आणि बावीस सल्लागार

पावसाळ्यात जुनी चेतक पहिल्या किकला सुरू झाली, की माझ्यापेक्षा आमच्या गल्लीचाच जास्त हिरमोड होतो. पेठेत बंद पडलेली स्कूटर ही सार्वजनिक मालमत्ता. चौथ्या किकला गॅलरीतून पहिला आवाज येतो, "अहो, तिरकी करा!"

तिरकी करणं हा पेट्रोलवरचा उपाय. गाडी रिझर्व्हला आली असेल, तर थोडा उपयोग होतो. ठिणगीच पडत नसेल, तर गाडीला शीर्षासन घाला, ती ढिम्म राहणार. राणाप्रतापांच्या घोड्याने जखमी पायानिशी ओढा ओलांडला म्हणतात. त्याच्या नावाच्या गाडीला 1972 पासून बंद पडायला ठिणगीच्या प्लगवरचा एक थेंब पुरतो.

म्हणून सहाव्या किकनंतर पायाला विश्रांती द्यावी आणि प्लग खोलायचा एकवीस मिलिमीटरचा पाना काढावा. प्लग ओला निघाला, तर पेट्रोल पोचतंय आणि घोटाळा बहुधा करंटचा आहे. कोरडा ठाक निघाला, तर कॉक (पेट्रोलची तोटी), नळी आणि कार्बोरेटरचा कचरा बघा, पॉइंटला (करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांना) हात लावू नका. एवढा एक निकाल लागला की निम्मे सल्लागार बाद होतात. (ते घरी जात नाहीत, ही गोष्ट वेगळी.)

ओला प्लग फडक्याने पुसा, टोकावरची काजळी तारेच्या ब्रशने काढा आणि फट 0.6 मिलिमीटरच्या आसपास ठेवा. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलबरोबरच जळतं. लिटरला 20 मिली पुरतं, पण 'इंजिनाला बरं' म्हणून हात सैल सोडणारे असतात. मग दोन टोकांच्या मध्ये काजळीचा पूल तयार होतो आणि करंट उडी न मारता त्या पुलावरून चालत जातो. आता प्लग कॅपमध्ये, म्हणजे वायरच्या टोकाच्या टोपीत घाला, त्याची धातूची बाजू इंजिनाच्या हेडला घट्ट टेकवा आणि किक मारा. नीट टेकला नाही, तर करंट कॉइलमध्येच (ठिणगीचा करंट तयार करणाऱ्या वेटोळ्यात) वाट शोधतो आणि कॉइल गमवावी लागते. प्लगच्या उघड्या भोकापासूनही तो लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ येत असते. निळी, 'चट्' वाजणारी ठिणगी दिसली तर उत्तम. पिवळी, मरगळलेली दिसली तर पुढे चला.

पुढे म्हणजे आधी कॅप. लोक चार प्लग बदलतील, कॅप बदलणार नाहीत. कॅपला केसाएवढी चीर असली, की पावसाळ्यात त्यातून करंट बॉडीला जातो. संध्याकाळी अंधारात किक मारून पाहा, चोर स्वतःच चमकतो. मग स्टॉप बटणाची वायर. हे बटण करंट बॉडीला देऊन इंजिन बंद करतं. त्याच वायरचं कातडं हँडलपाशी सोललं असेल, तर बटण न दाबताही गाडी कायमची बंद. ती वायर सोडवून एक किक मारायची, दोन मिनिटांचं काम. ठिणगी आली तर सुट्या भागांसाठीची नाना पेठेची फेरी वाचली.

एवढं करूनही करंट नसेल, तर पॉइंटवाल्या मॉडेलचं फॅन कव्हर काढावं. फ्लायव्हीलच्या, म्हणजे आतल्या फिरत्या जड चाकाच्या, खिडकीतून पॉइंट दिसतात. पूर्ण उघडल्यावर फट साधारण 0.4 मिलिमीटर हवी. एका पॉइंटला खड्डा आणि समोरच्याला त्याच मापाचा उंचवटा दिसला, तर कंडेन्सरवर संशय घ्या. पॉइंट उघडताना उसळणारा करंट झेलणं हे कंडेन्सरचं काम. त्याने हात वर केले, की ठिणगी प्लगऐवजी पॉइंटवरच पडते आणि ते जळतात. नुसते पॉइंट घासाल, तर काही दिवसांत पुन्हा तिथेच. पॉइंट तेलकट असतील, तर त्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील गेलंय. कोऱ्या पोस्टकार्डाने ते पुसता येतील, पण तेवढ्याने सील बरं होत नाही.

फ्लायव्हील काढायचंच झालं, तर पुलर (ते ओढून काढायचं हत्यार) लावा. हातोडी मारून काढणारे कारागीर आहेत. त्यांना स्कूटर देऊ नका, नारळ द्या.

गाडी कात्रजच्या चढाला गरम होऊन बंद पडते आणि दहा मिनिटांत शहाण्यासारखी सुरू होते, हे खास दुखणं. बहुधा कॉइल किंवा कंडेन्सर तापून दगा देतो. गार झाल्यावर मेकॅनिककडे नेली, तर ती साळसूदपणे पहिल्या किकला उठते आणि मेकॅनिक माझ्याकडे संशयाने बघतो. त्यामुळे ठिणगी तिथेच, गरम असताना तपासावी. पाना आणि जास्तीचा प्लग डिकीत हवाच.

शेवटी कॅप बदलली, फटी जुळवल्या, हात काळे झाले, किक मारली आणि निळा धूर सोडत गाडी उठली, की गॅलरीतून आवाज येतो, "बघा! मघाशी तिरकी केली होती ना?"