फर्ग्युसन यांच्या ‘अपयशा’ची गोष्ट आणि वस्तुस्थिती

मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबचे १९८६ ते २०१३ या काळातले व्यवस्थापक, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, ॲलेक्स फर्ग्युसन यांच्याविषयीचा एक प्रेरणादायी मजकूर समाजमाध्यमांवर वरचेवर फिरत असतो. त्याचा सारांश असा : खेळाडू म्हणून ते अगदी सामान्य होते, व्यवस्थापक झाल्यावर सुरुवातीच्याच एका क्लबने त्यांना अपात्र ठरवून काढून टाकले, मँचेस्टर युनायटेडमध्ये पहिली सात वर्षे त्यांच्या हाती काहीच लागले नाही आणि १९९० मध्ये एका गोलामुळे त्यांची नोकरी कशीबशी वाचली, तरीही क्लबने धीर धरला म्हणून पुढचा इतिहास घडला. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, याविषयी मला शंका नाही. परंतु त्यातले जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे किंवा अर्धवट आहे, आणि त्यामुळे एका विलक्षण माणसाच्या कर्तृत्वाचे श्रेय नशिबाला व इतरांच्या सहनशीलतेला दिले जाते. म्हणून त्याचे मुद्देसूद उत्तर द्यायला हवे.

सामान्य खेळाडू असण्याचा मुद्दा आधी घेऊ. ग्लासगोच्या गोव्हन भागात, एका गोदी कामगाराच्या घरात वाढलेले फर्ग्युसन वयाच्या सोळाव्या वर्षी क्वीन्स पार्क या हौशी क्लबकडून खेळू लागले. पुढे सेंट जॉनस्टनकडे गेल्यावरही ते कारखान्यात टूलमेकरचे काम करत होते, आणि त्याच काळात, डिसेंबर १९६३ मध्ये, बलाढ्य रेंजर्सविरुद्ध त्यांच्याच आयब्रॉक्स मैदानावर त्यांनी तीन गोलांची हॅटट्रिक नोंदवली. १९६४ मध्ये डनफर्मलिनकडे आल्यावर ते पूर्णवेळ व्यावसायिक झाले. १९६५-६६ च्या हंगामात त्यांनी ५१ सामन्यांत ४५ गोल केले. त्यांपैकी लीगमधले ३१ होते आणि सेल्टिकच्या जो मॅकब्राइड यांच्यासह ते त्या वर्षी स्कॉटलंडच्या लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारे खेळाडू ठरले. १९६७ मध्ये रेंजर्सने त्यांच्यासाठी ६५,००० पौंड मोजले, आणि दोन स्कॉटिश क्लबांमधील व्यवहारात तोवर एवढी रक्कम कोणी दिली नव्हती. रेंजर्समधला काळ मात्र कडवट ठरला. १९६९ च्या स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात सेल्टिकने ४-० असा विजय मिळवला, त्यातील पहिल्या गोलाचे खापर फर्ग्युसन यांच्यावर फुटले, आणि त्याच वर्षी ते फॉल्कर्ककडे गेले. ते डेनिस लॉ या स्कॉटलंडच्या महान खेळाडूच्या पंक्तीतले नव्हते, हे मान्य. पण ‘सामान्य’ हा शब्द त्यांना कोणत्याही निकषावर लागू होत नाही.

याच काळातला एक प्रसंग त्यांच्या पुढच्या कारकिर्दीकडे पाहताना मला फार महत्त्वाचा वाटतो. १९६५ च्या स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यातून डनफर्मलिनचे व्यवस्थापक विली कनिंगहॅम यांनी त्यांना ऐनवेळी वगळले आणि संघ सेल्टिककडून ३-२ असा हरला. वगळले जाण्याची वेदना ज्याने स्वतः सोसली होती, त्याच माणसाने युनायटेडचा व्यवस्थापक असताना, १९९० मध्ये, एफए कप या इंग्लंडमधील बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीच्या फेरसामन्यातून जिम लेटन या गोलरक्षकाला वगळले. लेटन हे त्यांचे ॲबर्डीनपासूनचे सहकारी होते. क्रिस्टल पॅलेसशी झालेला पहिला सामना ३-३ असा बरोबरीत सुटला होता; फेरसामन्यात लेस सीली गोलपाशी उभे राहिले आणि युनायटेडने १-० असा विजय मिळवला. त्या निर्णयाने लेटन यांच्याशी असलेले नाते कायमचे दुरावले. तो निर्णय योग्य होता की क्रूर, यावर मतभेद होऊ शकतात, पण त्याला नशीब निश्चितच म्हणता येणार नाही.

दुसरा मुद्दा हकालपट्टीचा. फर्ग्युसन यांनी व्यवस्थापक म्हणून १९७४ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, ईस्ट स्टर्लिंगशर या छोट्या क्लबमध्ये सुरुवात केली, आणि तेव्हा त्या क्लबकडे एकही गोलरक्षक नव्हता. काही महिन्यांतच ते सेंट मिरनकडे गेले, आणि अतिशय तरुण खेळाडूंचा संघ घेऊन १९७७ मध्ये त्यांनी फर्स्ट डिव्हिजन या दुसऱ्या श्रेणीच्या लीगचे विजेतेपद मिळवत क्लबला सर्वोच्च श्रेणीत नेले. १९७८ मध्ये त्यांना काढले गेले, हे खरे आहे. त्याविरुद्ध त्यांनी न्यायाधिकरणात दाद मागितली आणि तिथे ते हरले, हेही सांगितले पाहिजे. मात्र तो वाद अध्यक्षांशी बिघडलेले संबंध आणि कराराचा भंग यांविषयीचा होता. संघ घडवण्याच्या त्यांच्या क्षमतेविषयी नव्हता. त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीत ही एकमेव हकालपट्टी आहे.

यानंतरची आठ वर्षे त्या मजकुरातून पूर्णपणे गाळलेली असतात, आणि माझा सर्वांत मोठा आक्षेप यालाच आहे. १९७८ ते १९८६ या काळात फर्ग्युसन ॲबर्डीनचे व्यवस्थापक होते. स्कॉटलंडची लीग म्हणजे सेल्टिक आणि रेंजर्स यांची मक्तेदारी होती; १९६५ मधील किल्मार्नकनंतर तिसऱ्या कोणालाही ती जिंकता आली नव्हती. ॲबर्डीनने ती १९८०, १९८४ आणि १९८५ अशी तीनदा जिंकली. शिवाय चार स्कॉटिश कप आणि एक लीग कप मिळवला. त्यानंतरची चार दशके या दोन क्लबांबाहेर ते विजेतेपद कोणाकडेही गेले नाही, यावरून त्या कामगिरीची उंची लक्षात यावी. मे १९८३ मध्ये गोथेनबर्ग येथे, पावसाने चिंब झालेल्या मैदानावर, ॲबर्डीनने जादा वेळेत रेआल माद्रिदला २-१ असे हरवून युरोपियन कप विनर्स कप ही निरनिराळ्या देशांतील कपविजेत्या क्लबांची स्पर्धा जिंकली. त्याआधी उपांत्यपूर्व फेरीत बायर्न म्युनिकला घरी पाठवले होते. रेआलचे व्यवस्थापक होते आल्फ्रेदो दि स्तेफानो, म्हणजे स्वतः एक महान माजी खेळाडू. युनायटेडने नोव्हेंबर १९८६ मध्ये बोलावले तो माणूस हा होता. ती निवड म्हणजे एका अज्ञात, हरलेल्या उमेदवाराला दिलेली संधी नव्हती.

आता ‘सात वर्षे काहीच नाही’ या विधानाविषयी. ६ नोव्हेंबर १९८६ रोजी फर्ग्युसन आले तेव्हा युनायटेड २२ संघांच्या लीगमध्ये २१ व्या स्थानावर होते. त्या हंगामाअखेर संघ ११ वा आला आणि पुढच्याच हंगामात लिव्हरपूलमागोमाग दुसरा. नंतरची दोन वर्षे खरोखर वाईट गेली : ११ वे आणि १३ वे स्थान, सप्टेंबर १९८९ मध्ये मँचेस्टर सिटीकडून ५-१ असा पराभव आणि घरच्याच मैदानावर फर्ग्युसन यांना निरोप देणारा प्रेक्षकांचा फलक. परंतु मे १९९० मध्ये एफए कप आला, १९९१ मध्ये रॉटरडॅम येथे बार्सिलोनाला हरवून कप विनर्स कप आला आणि १९९२ मध्ये लीग कप. १९९३ मध्ये २६ वर्षांनी लीगचे विजेतेपद आले, ते या मालिकेतला पुढचा टप्पा म्हणून.

‘एका गोलाने वाचलेली नोकरी’ म्हणजे ७ जानेवारी १९९० रोजी एफए कपच्या सामन्यात नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध युनायटेडच्या मार्क रॉबिन्स यांनी हेडरने केलेला गोल. तो मोलाचा होता, कारण त्या दिवशी हरले असते तर १९९० चा एफए कप आलाच नसता. पण तेव्हा फर्ग्युसन यांना काढण्याचा विचार नव्हता, असे तत्कालीन अध्यक्ष मार्टिन एडवर्ड्स यांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे.

त्यांच्यावरचा विश्वास आंधळा नव्हता, कारण पराभवांच्या त्या काळातही काम डोळ्यांसमोर दिसत होते. फर्ग्युसन यांनी मद्यपानाची सवय जडलेल्या संघाला शिस्त लावली आणि शाळकरी वयातील खेळाडू हेरणारी यंत्रणा नव्याने उभारली. मँचेस्टर सिटीच्या केंद्रात सराव करणाऱ्या रायन गिग्ज यांच्या घरी ते नोव्हेंबर १९८७ मध्ये, त्या मुलाच्या चौदाव्या वाढदिवशी, स्वतः गेले. गिग्ज, डेव्हिड बेकहॅम, निकी बट आणि गॅरी नेव्हिल यांच्या संघाने १९९२ मध्ये एफए यूथ कप ही युवा संघांची स्पर्धा जिंकली, तेव्हा तिकडे मुख्य संघाला फर्ग्युसन यांच्या काळातले पहिले लीग विजेतेपद मिळायला आणखी वर्ष होते. संचालकांनी हे पाहिले होते, आणि युनायटेडचे महान माजी खेळाडू बॉबी चार्ल्टन यांच्यासारखा खेळ जाणणारा माणूस त्या मंडळात होता.

केवळ वेळ दिल्याने फर्ग्युसन घडत असतील, तर त्याच क्लबमध्ये २०१३ साली त्यांच्या जागी आलेले डेव्हिड मॉयेस यांचे उदाहरण या मजकुराच्या लेखकांनी विचारात घ्यावे. त्यांना सहा वर्षांचा करार मिळाला होता, आणि दहा महिन्यांत, एप्रिल २०१४ मध्ये, ते पदावरून गेले. मॉयेस यांच्यावर तो अन्याय होता की नव्हता, हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. मात्र ते एव्हर्टनहून आले तेव्हा त्यांच्या नावावर मोठ्या स्पर्धेतला एकही करंडक नव्हता, तर १९८६ मध्ये ॲबर्डीनहून आलेल्या फर्ग्युसन यांच्या नावावर तीन लीग विजेतीपदे आणि एक युरोपियन करंडक आधीच होता.