उत्तर: ‘कॅफेत लॉगिन केलं आणि स्किन चोरीला गेल्या’

नमस्कार. आमच्या गेमिंग कॅफेत स्टीमवर (पीसी गेम विकत घेऊन खेळायचं ऑनलाइन व्यासपीठ) लॉगिन केलंत, दोन दिवसांनी ‘अकाउंट सस्पेंड होणार’ असा मेल आला, त्यातल्या लिंकवर पासवर्ड टाकला आणि काउंटर-स्ट्राइक २ या गेममधल्या स्किन (शस्त्रांची सजावट, जिची देवाणघेवाण करता येते) गेल्या. तुमचा मेल आयडी आम्हीच फोडला, असं तुम्ही लिहिलंय. राग येणं साहजिक आहे. आरोपाचं उत्तर खाली देतोय, पण आधी स्किनचं बघू, कारण हातात दिवस थोडे आहेत.

जुलै २०२५ पासून या गेमच्या ट्रेडला, म्हणजे स्किनच्या देवाणघेवाणीला, ७ दिवसांचं संरक्षण आहे. तेवढ्या मुदतीत ट्रेड हिस्ट्रीतून ट्रेड उलटवता येतो. एकच निवडून उलटवता येत नाही, त्या ७ दिवसांतले सगळे संरक्षित ट्रेड उलटतात आणि पुढचे ३० दिवस तुम्हाला ट्रेड करता येत नाही. तरीही करा.

त्याआधी चोराला बाहेर काढा. पहिल्यांदा मेलचा पासवर्ड बदला, मग स्टीमचा. मेल त्याच्या हातात असेल, तर तुम्ही बदललेला स्टीमचा पासवर्ड तो परत रीसेट करील. जीमेलमधलं फॉरवर्डिंग आणि फिल्टरही तपासा. मग स्टीम गार्डच्या (स्टीमची लॉगिन सुरक्षा) पानावरून सगळी डिव्हाइस डीऑथराइज करा, म्हणजे सगळीकडचं लॉगिन बंद होईल. आणि बहुतेक जण विसरतात ती गोष्ट: वेब एपीआय की, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमला तुमच्या अकाउंटमध्ये शिरू देणारी किल्ली. तुम्ही न काढलेली की तुमच्या अकाउंटवर दिसली, तर लगेच रद्द करा. ती राहिली तर चोराचा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्रॅम) तुमच्या ट्रेड ऑफरवर नजर ठेवतो, खरी ऑफर रद्द करतो आणि तसंच नाव, तसाच फोटो असलेल्या अकाउंटवरून दुसरी पाठवतो. तुम्ही मोबाइलवर स्वतःच कन्फर्म करता. ट्रेड यूआरएलही (ज्या लिंकवरून तुम्हाला ऑफर पाठवता येते ती) नवीन घ्या.

आता आमच्याबद्दल. काउंटरवर आम्ही नाव आणि मोबाइल नंबर घेतो, मेल आयडी नाही. स्टीमला लॉगिन करताना अकाउंटचं नाव लागतं, मेल आयडी नाही. मेलवर आलेला लॉगिनचा कोड बघायला कोणी आमच्या पीसीवर जीमेल उघडलं, तरी प्रत्येक सेशननंतर पीसी रीस्टार्ट होऊन डिस्क मूळ स्थितीत येते.

तुम्ही टाकलेला स्क्रीनशॉट मोठा करून बघा. लिंकमध्ये ‘स्टीमकम्युनिटी’च्या पहिल्या ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ चिकटून आहेत; मोबाइलवर फरक कळत नाही. त्या पानाने ५ अक्षरी स्टीम गार्ड कोडही मागितला, असं तुम्हीच लिहिलंय. असं पान तुम्ही टाइप केलेलं सगळं त्याच क्षणी खऱ्या स्टीमवर वापरतं, म्हणून कोड असूनही अकाउंट गेलं. क्यूआर कोड दाखवणाऱ्या खोट्या पानांचंही तेच: स्कॅन करून मंजुरी दिली की चोराचं लॉगिन पूर्ण.

पुढे असा मेल आला तर लिंक सोडा, पत्ता हाताने टाइप करून अकाउंट बघा. शंका असेल तर कॉम्प्युटरवर जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ उघडा. मेल खरंच त्या डोमेनवरून आला का, या तपासणीचा निकाल तिथे दिसतो. नुसतं ‘पास’ बघून थांबू नका, चोराच्या स्वतःच्या डोमेनलाही पास मिळतो. त्यापुढे स्टीमपॉवर्ड डॉट कॉम आहे का ते वाचा. पानातच उघडलेली लॉगिनची खिडकी ब्राउझरच्या कडेबाहेर ओढून बघा. खोटी असेल तर कडेला अडकते.

अकाउंटच हातातून गेलं असेल, तर स्टीम सपोर्टला मालकीचा पुरावा लागतो. आमच्याकडून वॉलेट कोड (स्टीमच्या वॉलेटमध्ये पैसे भरायचा कोड) घेतला असेल तर त्याच्या बिलाची प्रत काउंटरवर मिळेल. कोडचा नंबर इथे मात्र लिहू नका. सायबर तक्रारीसाठी १९३० वर फोन करा; तक्रारीला जोडायला तुमच्या सेशनची नोंद आम्ही छापून देऊ.