बाटली संपवायची आहे

माझी मेहुणी न्यू जर्सीला असते. दर दोन वर्षांनी येते आणि येताना बदाम, चॉकलेटं आणि आपण न मागितलेली एक वस्तू घेऊन येते. या खेपेला ती वस्तू मल्टिव्हिटॅमिनची बाटली निघाली. बाटली कसली, लोणच्याची बरणीच. आत 365 गोळ्या. "भाऊजी, रोज एक. किती थकलेले दिसता!" मी थकलेला दिसत होतो, कारण पहाटे तीन वाजता तिला आणायला विमानतळावर मीच गेलो होतो. पण ते कोण ऐकणार?

ती परत गेल्यावर बायकोने बाटली उलटी करून बुडाची तारीख वाचली. मुदत संपायला पाच महिने. सेलमधला माल! गोळ्या 365 आणि दिवस दीडशे. आमच्याकडे एखादी वस्तू उपयोगाची आहे का, हा प्रश्न ती संपल्यावर विचारतात. उरलेल्या भाताला फोडणी पडते, त्यातूनही उरला तर त्याचं थालीपीठ होतं. गोळ्यांचं थालीपीठ होत नाही, एवढीच काय ती अडचण.

दुसऱ्या दिवसापासून माझी सुरुवात झाली. झाकण उघडलं की बी-कॉम्प्लेक्सचा तो ओळखीचा वास, शाळेच्या दप्तरात आठवडाभर विसरलेल्या डब्यासारखा. गोळी शेंगदाण्याएवढी नव्हे, शेंगेएवढी. पाण्याच्या दोन पेल्यांनंतरही ती घशात बसून कुठे उतरायचं याचा विचार करत असे. शिवाय वेळेची भानगड. उपाशीपोटी घेतली तर मळमळ. चहाबरोबर नको, कारण चहा त्यातलं लोह अंगाला लागू देत नाही. ए, डी, ई, के यांना सोबत थोडं तेल-तूप लागतं. माझी थायरॉइडची गोळी सकाळी सहाला, आणि लोह-कॅल्शियमवाल्या या गोळीने तिच्यापासून चार तास लांब राहायचं. एका घरात राहून न बोलणाऱ्या जावांचं वेळापत्रक याहून सोपं असेल. शेवटी ऑफिसात डबा खाल्ल्यावर घ्यायची असं ठरलं. म्हणजे दुपारभर ढेकर शेजारच्या टेबलापर्यंत.

तिसऱ्या दिवशी बाथरूममध्ये खाली बघितलं आणि हातपाय गार पडले. पिवळी? छे! हायलायटर पेनाची शाई. आरशात डोळे ताणून पाहिले. तेही पिवळट वाटले (बाथरूमचा दिवा पिवळा आहे, हे नंतर सुचलं). वरच्या मजल्यावरच्या काकूंनी कावीळ उतरवणाऱ्या माळवाल्याचा पत्ता दिला. दोन दिवस मी बिनतेलाचं जेवण आणि उसाचा रस यांवर काढले. गोळी मात्र चालूच होती, आजारपणात शक्ती नको का?

डॉक्टरांनी माझी पापणी ओढून पाहिली आणि विचारलं, "गोळ्या कसल्या घेताय?" मी बाटलीच पुढे केली. "रायबोफ्लेविन आहे हे. बी-टू. दिवसाला जेमतेम दोन मिलिग्रॅम पुरतं, यात 25 आहे. जास्तीचं अंग बाहेर टाकतं, त्याचा हा रंग."

"मग घेऊ की नको?"

त्यांनी सांगितलं की अमेरिकेतल्या जवळपास 3 लाख 90 हजार धडधाकट माणसांची वीस वर्षांहून अधिक काळची माहिती तपासून 2024 मध्ये एक अभ्यास छापून आला. रोज मल्टिव्हिटॅमिन घेणारे काही जास्त जगले नाहीत. "पण ज्याला कमी आहे, त्याला हेच अमृत," ते म्हणाले. डॉक्टर केईएमला शिकलेले, त्यामुळे गाडी परळला गेलीच. 1928 मध्ये लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या अंगात रक्त का उरत नाही, हे त्या शोधत होत्या. परळच्याच हाफकिन संस्थेत बसून काम केलं आणि इलाज सापडला तो मार्माइटमध्ये, म्हणजे बिअर करून उरलेल्या यीस्टच्या चिकट अर्कात. त्यात जे होतं त्याला पुढे फोलिक ॲसिड हे नाव मिळालं. बिअरचा गाळसुद्धा कोणी वाया घालवला नाही, हे घरी सांगायचं नाही, असं मी तिथेच ठरवलं.

रक्त तपासलं. बी-ट्वेल्व कमी. शाकाहारी माणूस, दूध चहापुरतं, दुसरं काय होणार? तेवढी एक गोळी लिहून दिली आणि बाटली बंद करायला सांगितली.

"पण यात बी-ट्वेल्व आहेच की!" बायकोने चष्मा लावला. बाटलीवर 6 मायक्रोग्रॅम, डॉक्टरांच्या गोळीवर 1500. तिने क्षणात हिशोब केला. "म्हणजे यातल्या रोज 250 घेतल्या की झालं!" दीड दिवसाच्या गणपतीसारखी बाटली दुसऱ्या दिवशी दुपारी विसर्जित झाली असती, आणि मागोमाग मी. ए आणि डी अंगात साठून राहतात, हे पटवायला मला जेवणाची अख्खी वेळ लागली.

मग वाटप सुरू झालं. सासऱ्यांना रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे. व्हिटॅमिन के तिच्या आड येतं, ते बाद. शेजारचे अण्णा दिवसाला पाकीटभर सिगारेटी ओढतात. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्यांना बीटा-कॅरोटिन (ज्याचं अंगात व्हिटॅमिन ए होतं ते) दिलं, तर फुफ्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढला होता, हे 1994 सालीच छापून आलंय. बाटलीवर बीटा-कॅरोटिन ठळक अक्षरांत. अण्णाही बाद. कामाच्या मावशींना विचारलं, तर त्यांनी गोळी हातात घेऊन वास घेतला. "भूक वाढते ना वहिनी याने? मग वाढलेल्या भुकेला खायला कोण देणार?" आणि गोळी ओट्यावर ठेवून त्या कपडे वाळत घालायला गेल्या.

रविवारी दुपारी स्वयंपाकघरात गेलो. उरलेल्या गोळ्या दुधाच्या पिशवीत रबर लावून बांधल्या होत्या. बाटली धुऊन, उन्हात वाळवून पुसली होती आणि बायको तिच्यात चमच्याने आवळासुपारी भरत होती.

"झाकण काय घट्ट आहे बघा," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून डोळा होता माझा हिच्यावर."