अनुदान शेतकऱ्याला की जमिनीला? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. रागावून लिहिली असली तरी मुद्द्याला धरून आहे, म्हणून जरा सविस्तर उत्तर देते. अमेरिकेच्या ग्रामीण कौंट्यांमध्ये (कौंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग) वाटल्या जाणाऱ्या शेती-अनुदानातला मोठा वाटा जास्त जमीन असणाऱ्यांकडे जातो, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की मी शेतकऱ्यांना फुकटे ठरवलं, अनुदान दरवर्षी मिळतं असं चुकीचं सांगितलं आणि चीनने सोयाबीनवर शुल्क लावलं तेव्हा याच पैशाने घरं तगली, हे विसरले.

दुसऱ्या मुद्द्यावर तुम्ही बरोबर आहात. भाव कसेही असोत, ठरलेली रक्कम देण्याची पद्धत अमेरिकेच्या २०१४ च्या शेती-कायद्याने बंद झाली. आता भाव ठरावीक पातळीखाली गेला, किंवा कौंटीचं एकरी उत्पन्न घसरलं, तरच पैसे मिळतात. माझ्या लेखातलं ते वाक्य चुकीचंच होतं.

पण पैसे कशावर मोजले जातात? ‘बेस एकर’वर. म्हणजे जुन्या पेरणीच्या नोंदींवरून त्या जमिनीला चिकटलेल्या हक्कावर. आज तिथे मका आहे की सोयाबीन, याच्याशी त्याचा संबंध नाही. जमीन विकली की हा हक्कही नव्या मालकाकडे जातो. ज्या तरुण जोडप्याने बेस नसलेलं शेत खंडाने घेतलं, त्यांना यातलं काहीच मिळत नाही. भाजीपाला आणि फळं पिकवणाऱ्यांसाठी तर ही योजनाच नाही.

खंडाने शेती करणाऱ्याच्या नावाने चेक निघतो, हे तुमचं म्हणणं खरं आहे. पीक बुडण्याची जोखीम त्याची, म्हणून नियम तसा आहे. पण बेस एकर किती हे जमीनमालकालाही ठाऊक असतं, आणि पुढचा खंड ठरताना ते धरूनच बोलणं होतं. तिथली सुमारे ४० टक्के शेतजमीन खंडाने किंवा वाट्याने केली जाते आणि तिचे बहुतेक मालक स्वतः शेती करत नाहीत. म्हणून राबणाऱ्याच्या हातात शेवटी किती उरतं, हा प्रश्न मला सोडता येत नाही.

कौंटीच्या सरासरीचंही पाहा. गारपीट फक्त तुमच्या शेतावर झाली आणि बाकी सगळ्यांचं पीक उत्तम आलं, तर या कौंटी-योजनेतून एक डॉलर मिळत नाही. उलट कौंटीचं सरासरी उत्पन्न पडलं आणि तुमचं शेत तरारलेलं असलं, तरी पैसे येतात.

आता चीन. जुलै २०१८ मध्ये चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जादा शुल्क लावलं. ज्या भांडणात शेतकऱ्याचा काहीच दोष नव्हता, त्याचा फटका त्याला बसला. त्या वेळची मदत योग्यच होती, हे मी मनापासून मानते. पण तीही कशी वाटली पाहा. पहिल्या वर्षी सोयाबीनला बुशेलमागे (बुशेल हे तिथलं धान्य मोजण्याचं माप) १.६५ डॉलर आणि मक्याला एक सेंट. २०१९ मध्ये प्रत्येक कौंटीचा एकच एकरी दर, कुठे १५ डॉलर, कुठे १५०. दोन कौंट्यांच्या मधल्या रस्त्याच्या अलीकडे एक दर, पलीकडे दुसरा. माती तीच, पीक तेच. आणि रक्कम एकरांवर, म्हणून ज्याचे एकर जास्त त्याला जास्त.

शेतकऱ्याला मी फुकटा म्हटलेलं नाही आणि कधी म्हणणारही नाही. ज्याच्या घरात पेरणीच्या कर्जाचा हप्ता आहे, त्याच्यापर्यंत हा पैसा पोचावा म्हणूनच मी हे लिहिते. मग उपाय काय, असं तुम्ही विचारलंत. मी पीकविम्यापासून सुरुवात करीन. तिथे विम्याच्या हप्त्याचा सरासरी ६० टक्क्यांहून अधिक भाग सरकार भरतं, आणि भाव-उत्पन्नाच्या योजनांना जशी माणशी मर्यादा आहे तशी इथे नाही. दहा हजार एकरवाल्याच्या प्रत्येक एकराला तेवढीच सवलत. ती मर्यादा घालावी आणि वाचलेला पैसा बेस नसलेली जमीन कसणाऱ्या नव्या शेतकऱ्यांच्या विम्यासाठी वापरावा. यात तुम्हाला काय खटकतं, ते जरूर कळवा.