आधी सिनेमा नीट बिघडवून घ्या

सुपरहिरोचा सिनेमा काढायचं डोक्यात असेल आणि बूड कोल्हापुरात असेल, तर पहिला सल्ला ऐका: पहिल्याच खेपेला चांगला सिनेमा काढायच्या भानगडीत पडू नका. चांगला सिनेमा एकदाच लागतो. लोक बघतात, 'बरा हाय' म्हणतात आणि रंकाळ्यावर भेळ खायला जातात. बिघडलेला सिनेमा दोनदा विकता येतो. एकदा थिएटरात आणि मग चार वर्षांनी 'डायरेक्टर्स कट', म्हणजे दिग्दर्शकाच्या मनासारखी आवृत्ती म्हणून. दुसऱ्या खेपेला तुम्ही कलावंतही ठरता, कारण आधीचा बिघाड दुसऱ्याच्या नावावर टाकता येतो.

तेव्हा प्रश्न एवढाच, की बिघडवायचा कसा. हातात कात्री आहे म्हणून वाटेल तिथं चालवून भागत नाही. चुकून कंटाळवाणा भाग कापला गेला तर सिनेमा जागेवरच सुधारायचा आणि तुमची चार वर्षं फुकट जायची. नियम एकच आहे, पाठ करून ठेवा. कारण कापा, मारामारी ठेवा.

साध्या माणसाच्या सिनेमात कारण थोडं कमी पडलं तरी निभावतं. फौजदार चोराच्या मागं पळतोय म्हटल्यावर सापडतोय का नाही एवढ्यावर माणूस खुर्चीत बसून राहतो. पण जो हवेत उडतो आणि एका हातानं ट्रक उचलतो, त्याला जमेल का, हा प्रश्नच येत नाही. त्याला सगळंच जमतं. मग बघायला उरतं काय? तो हे का करतोय आणि समोरचा त्याच्या वाटेत का आलाय, एवढंच. सुपरहिरोच्या सिनेमाचा सगळा भार या दोन खिळ्यांवर असतो. तेवढे उपसले की बाकी डोलारा कुणी हात न लावता खाली येतो.

२०१६ चा 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन' बघा. थिएटरात तो १५१ मिनिटांचा आला. त्यात आफ्रिकेतल्या एका गावात माणसं गोळ्या घालून मारली जातात आणि ठपका येतो सुपरमॅनवर. आता ज्याच्या नुसत्या नजरेनं पोलाद वितळतं, तो माणसं मारायला बंदूक कशाला घेईल? मिरजकर तिकटीवरच्या शेंबड्या पोराला हा प्रश्न पडतो, अमेरिकेच्या सिनेटला पडत नाही. प्रेक्षक गोंधळले, समीक्षकांनी धू धू धुतला. मग काही महिन्यांत घरी बघायची १८२ मिनिटांची आवृत्ती आली आणि तिच्यात उत्तर हजर होतं. मारेकऱ्यांनी प्रेतं जाळली होती, सुपरमॅनच्या नजरेनं भाजल्यासारखी दिसावीत म्हणून. साक्ष देणारी बाई खलनायकाच्या माणसांनी धमकावून पढवलेली होती. ती खरं सांगून मोकळी होते आणि तिचा काटा काढला जातो. क्लार्क केंट, म्हणजे साध्या कपड्यातला सुपरमॅन, चक्क बातमीदाराचं काम करताना दिसतो, बॅटमॅनच्या गॉथम शहरात फिरून लोकांना प्रश्न विचारतो. सिनेटच्या सुनावणीत सभागृहात फुटलेला बॉम्ब सुपरमॅनला आधी का दिसला नाही? तर ज्या व्हीलचेअरमध्ये तो होता, तिला आतून शिसं लावलेलं होतं. आणि स्फोटानंतर हा गडी नुसतं तोंड पाडून उडून जात नाही, जखमींना उचलून बाहेर आणतो.

किती हिशेबानं कापलं होतं बघा. अर्धा तास गेला, त्यात सगळी अक्कल गेली, आणि ठोसेबाजी मात्र जागच्या जागी.

असा कात्रीबहाद्दर निर्माता मिळायला भाग्य लागतं, पण कोल्हापुरात ते फार लांब नाही. पैसा गुळाचा असो नाहीतर प्लॉटिंगचा, त्याचं गणित ठरलेलं असतं: सिनेमा दोन तासांत बसला तर दिवसाला एक खेळ जास्त. त्याला तुम्ही कथा ऐकवा. तालमीतला पोरगा. २०१९ चा महापूर, पंचगंगा गावात शिरलेली. वस्ताद पाण्यात उतरून शेजाऱ्यापाजाऱ्यांना काढतात आणि शेवटच्या फेरीला परत येत नाहीत. त्या रात्री पोराच्या अंगात शक्ती येते, आणि पुढं सिनेमाभर तो कुणालाही बुडू देत नाही. निर्माता डोळे मिटून ऐकेल. मग म्हणेल, "ते म्हाताऱ्याचं काढा की वो. पब्लिक हाणामारी बघाय येतंय, आणि तुम्ही त्यास्नी रडवालाय."

वाद घालू नका. जरा तोंड वाकडं करा, दोन दिवस फोन उचलू नका आणि मग 'हो' म्हणा. वस्तादांचा प्रसंग मात्र नीट शूट करून बाजूला ठेवा. डायरेक्टर्स कटच्या जाहिरातीत पहिला फोटो त्यांचाच लागणार आहे.

मन खात असेल तर 'सुपरमॅन २' आठवा. दिग्दर्शक रिचर्ड डोनर यांनी त्याचा बराच भाग शूट केला होता. निर्मात्यांनी त्यांना काढलं, रिचर्ड लेस्टरना आणलं आणि १९८० मध्ये सिनेमा लावला. सुपरमॅनच्या बापाच्या कामाला मार्लन ब्रँडो होता, त्याची दृश्यंही तयार होती. पण तो पैशाला भारी पडायला लागला. मग बापाला वगळून तिथं आईला उभं केलं. घरात आईचं चालतं हे आपल्याला मान्यच आहे, पण झालं असं की प्रेमापायी गमावलेली शक्ती पोराला परत कशी मिळाली, हे कुणाला कळलंच नाही. त्याला एक हिरवा स्फटिक सापडतो, आणि पुढच्या वेळी दिसतो तो उडतानाच. २००६ मध्ये डोनर यांची आवृत्ती आली आणि त्यात कळलं, की बाप आपली उरलीसुरली शक्ती पोराला देऊन कायमचा संपतो. पोरगा तोच, स्फटिक तोच, पण आता त्या उडण्याची कुणीतरी किंमत मोजलेली आहे. एवढा मोठा बाप मूळ सिनेमातून गेला तो नुसत्या जमाखर्चाच्या वहीत.

त्या आवृत्तीत आणखी एक मौज आहे. सुपरमॅनची प्रेयसी लोइस क्लार्कवर पिस्तूल रोखते तो प्रसंग मुख्य चित्रीकरणात कधी घेतलाच नव्हता. म्हणून तिथं नटांच्या निवडचाचणीची जुनी फिल्म जोडली. एकाच खोलीत, एकाच बोलण्यात क्लार्कचे केस बदलतात, अंगकाठी बदलते. माझ्या मते सगळ्या सिनेमात तोच प्रसंग सर्वांत गोड आहे. तेव्हा मागच्या शॉटमध्ये भांग कुठल्या बाजूला होता हे लिहून ठेवायला माणूस नेमू नका. एक पगार वाचला.

आता या विषयातली जत्रा, म्हणजे सुपरहिरोंची अख्खी टोळी एकत्र येते तो 'जस्टिस लीग'. मुलगी वारली म्हणून दिग्दर्शक झॅक स्नायडर २०१७ मध्ये कामातून बाजूला झाला. तिथं थट्टेला जागा नाही. पुढचं काम जॉस व्हीडननं हातात घेतलं, पुष्कळ भाग पुन्हा शूट केला आणि सिनेमा १२० मिनिटांत बसवला. मधल्या काळात सुपरमॅनचं काम करणाऱ्या हेन्री कॅव्हिलनं दुसऱ्या एका सिनेमासाठी मिशी ठेवली होती आणि तिथले निर्माते ती काढू देईनात. मग ती संगणकावर काढली. पडद्यावर सुपरमॅन असा दिसायला लागला, की नुकताच दातांच्या डॉक्टरकडून भूल घेऊन उठलाय. कोल्हापुरात हा घोळ झालाच नसता. मिशी तशीच ठेवून तिला पीळ दिला असता आणि पोस्टरवरही तीच मोठी छापली असती.

१८ मार्च २०२१ ला स्नायडरची आवृत्ती आली: २४२ मिनिटं, सहा भाग, वर उपसंहार. चित्र जुन्या टीव्हीसारखं चौकोनी. घरात लावलंत तर वडील उठून सेटच्या मागं थाप मारतील, त्यांना मारू द्या. या चार तासांत सुधारलं काय? तर पहिल्या आवृत्तीत निम्मा पुसून टाकलेला सायबॉर्ग, त्या टोळीतला अर्धा यंत्र झालेला गडी, इथं माणूस होतो. त्याचा फुटबॉल, अपघातात गेलेली आई, ज्याच्यावर राग धरलाय तो बाप आणि त्या बापाचं मरण. आधीच्या सिनेमात तो बाप जिवंत राहतो आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. खलनायक स्टेपनवुल्फ तर आमच्याकडच्या कुठल्याही पतसंस्थेच्या वसुली विभागाला लांबून ओळखू येईल. पहिल्यांदा तो नुसता शिंगं घालून आरडाओरडा करत होता. इथं कळतं की तो थकबाकीदार आहे, मालकाला अजून ५०,००० जगं जिंकून द्यायची बाकी आहेत आणि ती फिटल्याशिवाय त्याला घरी घेत नाहीत. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्येच 'सावकारी पाश' हा सिनेमा काढला. त्या गावात कर्जापायी माणूस काय काय करतो हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. शिंगं असली म्हणून काय झालं?

रविवारी मटण चापून बसलात तर दुसऱ्या भागात डोळा लागतो आणि चौथ्यात जाग येते, तरी काही बिघडत नाही. बिघडत नाही हीच खरं तर त्या आवृत्तीबद्दलची माझी तक्रार आहे. स्लो मोशन नेहमीच्या वेगानं पळवलं तर ती तीन तासांत उरकेल. पण हे बाहेर बोलायचं नाही. डायरेक्टर्स कटच्या भक्तापुढं 'जरा लांबलाय' म्हणणं आणि पुण्यात बसून पांढऱ्या रश्श्यात साखर मागणं, दोन्हींना माफी नाही.

आणि हे सगळं अमेरिकेनं शोधलं असं समजू नका. १९२० मध्ये बाबूराव पेंटरांनी, स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्यावर सिनेमा काढणाऱ्या माणसानं, याच गावात 'सैरंध्री' काढला. त्यात भीम होता. अंगात हजार हत्तींचं बळ, ओळख लपवून विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव म्हणून नोकरी, आणि बाईवर हात टाकणाऱ्याची रात्री अंधारात गाठ. सुपरहिरो म्हणतात तो आणखी वेगळा काय असतो? कीचकवध पडद्यावर इतका खरा उतरला, की तो प्रसंग कापावा लागला. म्हणजे बघा, तेव्हा मारामारी कापली आणि कारण ठेवलं. शंभर वर्षांत आपण कुठल्या कुठं आलो. आज तो सिनेमा बघायला मिळत नाही, त्यामुळं कीचकासकट पुन्हा लावायची सोयही नाही.

यातून घ्यायचं ते एवढंच, की कापलेलं जपा. हार्ड डिस्क पुतण्याकडं ठेवायला देऊ नका. त्याचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा असतो आणि सुपरहिरोच्या वस्तादांवर कुणाची तरी हळद चढायला वेळ लागत नाही.

सिनेमा पडला की आंदोलन. स्नायडरच्या चाहत्यांनी सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉन या कॉमिक्सवाल्यांच्या मेळाव्यावर मागणीचा फलक लावलेलं विमान उडवलं. त्याच चळवळीतून आत्महत्या रोखण्याच्या कामासाठी मोठा निधीही उभा केला, हे त्या मंडळींच्या बाजूनं सांगायलाच हवं. आपल्याकडं विमान परवडत नाही, फ्लेक्स परवडतो. दसरा चौकात एक लावा. वर 'आमचं ठरलंय, पूर्ण बघणार!', खाली मंडळाच्या चाळीस कार्यकर्त्यांचे फोटो, मधोमध भावी नगरसेवक, आणि जागा उरलीच तर कोपऱ्यात दिग्दर्शक. मागणी शिवाजी पेठेतनं आली तर उत्तमच. मग मंगळवार पेठ आपोआप म्हणेल की थिएटरातलाच भारी होता. आणि तुमच्या न पाहिलेल्या सिनेमावर शाहू स्टेडियमच्या गॅलरीत भांडणं सुरू होतील. एवढी प्रसिद्धी पैसे देऊन मिळत नाही.

एका गोष्टीपासून मात्र सावध राहा. २००३ चा 'डेअरडेव्हिल' १०३ मिनिटांचा होता, वर्षभरानं दिग्दर्शकाची आवृत्ती आली १३३ मिनिटांची. खुनाचा एक अख्खा खटला परत आला आणि दिवसा वकिली करणारा नायक एकदाचा वकिली करताना दिसला. इथपर्यंत ठीक. पण दिग्दर्शकानं त्यात एक प्रेमप्रसंग काढूनही टाकला. नायकाला कुणाची तरी हाक ऐकू येते आणि तो प्रेयसीला सोडून निघून जातो. सिनेमा त्यानं सुधारला, नाही असं नाही. पण व्यवहार? डब्यावर 'अर्धा तास जास्त' असं छापता येतं. 'एक प्रसंग कमी' असं छापून कुणी विकलंय?

उलट १९७८ च्या 'सुपरमॅन'च्या निर्मात्यांचं बघा. मूळ सिनेमा १४३ मिनिटांचा. टीव्हीवाल्यांकडून पैसे मिनिटावर मिळणार म्हटल्यावर त्यांनी टाकलेलं सगळं गोळा करून तो १८८ मिनिटांचा केला. दिग्दर्शकाचा त्यात काडीचा हात नव्हता. लांबी वेगळी आणि दिग्दर्शक वेगळा, हे ज्याला कळलं त्याला धंदा कळला. फक्त गिऱ्हाइकाला कळू देऊ नका.

शेवटी तुमची आवृत्ती येईल. वस्ताद परत येतील, लोक रडतील, निर्माताही रडेल आणि 'मी तवाच म्हणालो हुतो' म्हणेल. त्याला म्हणू द्या. मग हळूच सांगा, की स्नायडरनं त्याच चार तासांची काळी-पांढरी आवृत्तीसुद्धा काढली आणि तीही लोकांनी बघितली. निर्माता डोळे पुसायचा थांबेल.

"म्हंजे रंग काढून परत इकला?"

"होय."

"आणि आवाज काढला तर?"