रात्री बारा वाजता संपणारा ‘अनलिमिटेड’

गेल्या आठवड्यात सोलापुरात अशोक चौकातल्या दुकानात रिचार्जसाठी उभा होतो. दुकानदाराने मान वर न करताच विचारले, “काका, नेहमीचाच मारू का?” एरवी मी ‘मार’ म्हणून मोकळा झालो असतो. पण आदल्या रात्री पहिल्यांदाच फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन मी गेल्या २८ दिवसांचा डेटा वापर पाहिला होता. टॉवेलच्या कारखान्यात दुसऱ्यांचे हिशेब लिहिण्यात बावीस वर्षे घालवलेल्या माणसाने स्वतःच्या फोनचा हिशेब कधी मांडू नये, याची मला थोडी लाजच वाटली.

माझा प्लॅन रोज दीड जीबीचा, म्हणजे २८ दिवसांना ४२ जीबीचा. त्यातले मी वापरले जेमतेम ९, कारण दिवसभर कारखान्याचे वायफाय असते आणि संध्याकाळी घरी आल्यावर बातम्या व भजने यापलीकडे माझी मजल जात नाही. उरलेले ३३ जीबी रोज रात्री बारा वाजता थोडे थोडे करून बुडाले. आपल्याकडची कडक भाकरी नीट ठेवली तर महिना-महिना टिकते. हा डेटा मात्र एक रात्रसुद्धा शिळा राहू शकत नाही.

त्याच प्लॅनवर माझ्या मुलाचा कोटा मात्र रात्री आठच्या आत संपतो. तो अभियांत्रिकीला आहे, त्याची व्याख्यानेही फोनवर आणि क्रिकेटही फोनवर. कोटा संपला की वेग सेकंदाला ६४ किलोबिटवर येतो, म्हणजे ८ किलोबाइटवर. परवा त्याला जर्नलच्या पानाचा तीन एमबीचा फोटो मित्राला पाठवायचा होता, त्याला सहा मिनिटांहून अधिक वेळ लागला. इंटरनेट बंद पडलेले नसते, म्हणून कागदोपत्री ते ‘अनलिमिटेड’ ठरते. कॉल खरोखर अमर्याद आणि डेटा रोजच्या मापाने, असे हे दोन वेगळे व्यवहार एकाच शब्दाखाली विकले जातात, आणि प्लॅन निवडताना माझ्या मते पहिली चूक इथेच होते.

दुसरी चूक महिना मोजण्यात होते. २८ दिवसांचा प्लॅन घेतला की वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज पडतात. जुलै २०२४ मध्ये दर वाढले तेव्हा जिओचा रोज दीड जीबीचा २३९ रुपयांचा प्लॅन २९९ ला गेला. तेरा वेळा २९९ म्हणजे ३,८८७ रुपये, पण आपण मनात धरतो बारा वेळांचे ३,५८८. पंचांगातला अधिक मास साधारण तीन वर्षांतून एकदा येतो. इथे तो दरवर्षी येतो आणि वाण जावयाऐवजी कंपनीला जाते. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला पूर्ण ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या ठरावीक तारखेला नूतनीकरण होणारा असा किमान एकेक प्लॅन ठेवायला सांगितले आहे. मागितल्याशिवाय तो कोणी दाखवत नाही, एवढेच.

आता फाइव्ह-जीचे. जुलै २०२४ पासून अमर्याद फाइव्ह-जी हवे असेल तर साधारणपणे रोज दोन जीबी किंवा त्यावरचा प्लॅन घ्यावा लागतो. फोन फाइव्ह-जीचा असेल आणि सिग्नल मिळत असेल तर रोजच्या कोट्याला हात लागत नाही, म्हणून मुलासाठी तो महागडा प्लॅन मला शेवटी स्वस्तच वाटला. त्याची खोली माडीवर आहे आणि तिथे सिग्नल भरपूर आहे. पूर्व भागातल्या आमच्या बोळात खालच्या मधल्या खोलीत मात्र फाइव्ह-जी अधूनमधून पाहुण्यासारखे येते. त्यामुळे जाहिरातीतला वेग पाहण्यापूर्वी आपण जिथे बसून फोन वापरतो तिथे कोणत्या कंपनीचे किती चालते, हे शेजाऱ्याच्या फोनवर पाहून घ्यावे. तेही सर्वकाळ खरे ठरत नाही म्हणा. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत, अक्षता सोहळ्याच्या दिवशी, हजारो फोन एकाच परिसरात आले की कोणताही प्लॅन असो, सौ.ला “कुठे आहेस” एवढा संदेश पाठवतानाही घाम फुटतो. टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटली जाते, त्यापुढे तुमच्या रिचार्जचे काही चालत नाही.

राहिली आई. तिच्याकडे बटणांचा फोन आहे, त्यात इंटरनेटच नाही, तरी गेली कित्येक वर्षे मी तिच्या नावाने रोजचा डेटा विकत घेत होतो! डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त कॉल आणि एसएमएसचे वेगळे पॅक देणे कंपन्यांना बंधनकारक केले आणि अशा व्हाउचरची मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. आमच्या भागातल्या विडी वळणाऱ्या किती तरी आयाबायांना एवढेच हवे असते.

तर त्या दिवशी मी दुकानदाराला सांगितले की मला रोजच्या कोट्याऐवजी मुदतीत कधीही वापरता येणारा ठोक डेटा दे, मुलाला दोन जीबीचा दे, आणि आईला नुसता बोलण्याचा, वर्षाचा. पहिले दोन त्याने लगेच मारले. तिसऱ्यासाठी तो अंगठ्याने पडदा वर सरकवत राहिला, सरकवत राहिला. “असला असतो होय काका?” म्हणाला. अगदी तळाशी सापडला.